विनंती थांब्याची ललिता

तुम्ही दोघांनी मागच्या रविवारी फोनवर मला जे गाणं ऐकवलंत, ते मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याला चाल नव्हती. ललिताने ते आमच्या ओट्यावर बसून, चहाचा कप हातात धरून, दूधवाल्याला उद्याचा निरोप सांगावा इतक्या साध्या आवाजात म्हणून दाखवलं होतं. मीरा, तू विचारलंस, "आजी, हा बँड तुमच्या डहाणूचा आहे म्हणे. तू ओळखतेस का त्यांना?" मी "ओळखते" एवढंच म्हणाले आणि हवापाण्याचं बोलू लागले. फोनवर काही गोष्टी नीट सांगता येत नाहीत. लिहिताना मधे थांबता येतं, चष्मा पुसता येतो. तेव्हा आता क्रमाने लिहिते. मराठी जिथे अडेल तिथे आईला विचारा.

ललिता आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायला आली तेव्हा पंचविशीची असेल. तलासरीच्या पूर्वेला डोंगराकडच्या एका पाड्यावरची वारली कुटुंबातली मुलगी. कोसबाडकडे राहून शिकली, पुढे ग्रंथपालाचा अभ्यास केला आणि इथल्या एका शाळेत नोकरीला लागली. खोली बघायला येणारे लोक आधी खिडकी उघडतात आणि समुद्राचा वारा येतो का ते बघतात. हिने खिडकी उघडली, हात बाहेर काढला आणि विचारलं, "बाई, इथे वारा कमीच लागतो ना?"

"कमीच. पुढच्या घराचा आडोसा आहे."

"मग बरं. मला वारा चालत नाही. मला सिकलसेल आहे."

एखादा भाडेकरू आपल्याबरोबर मांजर आहे हे आधीच सांगून टाकतो, तसं तिने सांगितलं. तुम्हाला हा आजार माहीत नसेल. रक्तातल्या ज्या पेशी गोल असायच्या त्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकून बसतात, आणि मग माणसाची हाडं आतून दुखू लागतात. जन्मापासून असतो. आपल्याकडच्या पाड्यांवर पुष्कळ घरांत आहे. गार वारा, दमणूक, पाणी कमी पडणं, यातलं काहीही दुखणं उठवू शकतं. ललिताने त्याच्याशी राहण्याची एक पद्धत बसवली होती. डहाणूच्या चिकट ऑक्टोबरातही तिच्या अंगात पूर्ण बाह्यांचा तपकिरी स्वेटर असे. खांद्याला स्टीलची मोठी बाटली, तिच्यावर जुन्या मोज्याचं आवरण. दर थोड्या वेळाने झाकण फिरवायची, दोन घोट प्यायची, झाकण लावायची. बोलणं मधेच अडलं तरी चालेल, पाणी चुकायचं नाही. आणि ती कधीही धावत नसे. शाळेची घंटा होऊ दे, पाऊस येऊ दे. "उशीर झालाय ना, मग आता घाई कशाला?" असं म्हणायची आणि त्याच चालीने चालत राहायची.

मला सगळे बाई म्हणतात तशी तीही बाईच म्हणे, पण ती माझी विद्यार्थिनी नव्हती. विद्यार्थी होता जिग्नेश. त्याच्या वडिलांचं गावात हार्डवेअरचं दुकान. माझ्या इंग्रजीच्या तासाला हा शेवटच्या बाकावर बसून पट्टीने डेस्क वाजवत असे. ललिताच्या शाळेच्या ग्रंथालयात लोखंडी मांडण्या बसवायला दुकानातून तो गेला होता. एक एक फळी ठोकून तो आवाज ऐकायचा आणि मगच स्क्रू पिळायचा. ललिताने अर्धा दिवस बघितलं आणि विचारलं, "तुम्ही काय वाजवता?"

"गिटार थोडी थोडी. फोनवर बघून शिकलोय. तुम्ही?"

"मी काही वाजवत नाही. लिहिते. पण तुम्हाला आधी वाचून दाखवीन, चाल मागाहून."

ही तिची अट होती आणि ती शेवटपर्यंत तिने सोडली नाही. गाणं आधी कोणाला तरी साध्या बोलण्यात सांगायचं. ऐकणाऱ्याने "म्हणजे?" असं विचारलं की ती ओळ बाद. ऐकणारी बहुतेक वेळा मी असायची, कारण मी संध्याकाळी ओट्यावर हमखास सापडत असे. मला एखादी ओळ आवडली आणि मी मान डोलावली, तरी ती संशयाने बघायची. "आवडली ते ठीक. कळली का? मला सांगा बघू काय कळलं ते." मी सांगायची. ती कधी खूश व्हायची, कधी पेन्सिलीने ओळ खोडायची. एकदा तिने "उदास किनारा" असं काही लिहिलं होतं. मी काही बोलायच्या आतच तिने स्वतः काट मारली. म्हणाली, "किनारा उदास नसतो बाई. तिथे बसलेली बाई असते. आळस केला मी."

तिसरा होता सोमा, वाणगावचा. त्यांच्या घरचा भाजीचा टेम्पो डहाणूच्या बाजारात यायचा. भाजी उतरली की हा रिकाम्या खोक्यावर बसून दोन्ही हातांनी तो वाजवायचा. जिग्नेशने त्याला तिथेच पकडला. पुढे त्याच्याकडे चांगली वाद्यं आली, पण चिकूचा एक लाकडी खोका तो नेहमी बरोबर नेत असे.

बँडचं "विनंती थांबा" हे नाव ललिताने ठेवलं. तुम्ही इथे आलात तेव्हा एसटीच्या रस्त्यावर "विनंती थांबा" अशी पाटी बघितली असेल. तिथे गाडी थांबायलाच हवी असं नसतं. हात दाखवायचा, ड्रायव्हरला वाटलं तर थांबतो. ललिताच्या पाड्याला तसाच थांबा होता. लहानपणी शाळेला जाताना ती हात वर करून उभी राही आणि कितीतरी वेळा गाडी तिच्या अंगावर धूळ टाकून पुढे जाई. इतर मुलं पाठीमागे धावायची. हिला धावता यायचं नाही. "मी हात वर ठेवूनच उभी राहायचे," ती सांगायची. "गाडी गेल्यावरही. म्हटलं, आरशात दिसत असेल तर दिसू दे त्याला."

तुम्ही ऐकवलेलं गाणं ते हेच.

थांबलास तर थांब, नाही तर जा,
माझा हात मी खाली घेतला नाही
एवढं आरशात बघून जा.

शब्द एवढे साधे की पहिल्यांदा ऐकताना मी पुढच्या ओळीची वाट बघत राहिले. पुढची ओळ नव्हती.

त्यांची पहिली रेकॉर्डिंग्ज शाळेच्या ग्रंथालयात झाली. मुख्याध्यापकांनी रविवारची परवानगी दिली होती, कारण "ग्रंथालयात शांतता राहील" असं ललिताने त्यांना लेखी दिलं होतं. जिग्नेशचं म्हणणं असं की खोलीतला आवाज भिंतींवर आपटून परत येतो, त्याला खायला काहीतरी हवं. मग जाड जाड कोश आणि बांधीव मासिकांचे गठ्ठे टेबलावर रचून त्यांनी एक गोल भिंत केली आणि ललिता तिच्या आत बसून गायली. मी त्यांना डबा द्यायला गेले तेव्हा पुस्तकांच्या वर तिचा फक्त भांग दिसत होता.

"बाई, आत या. जागा आहे."

"मला बाहेरून ऐकू दे."

"बाहेर काही ऐकू येणार नाही. सगळं पुस्तकंच ऐकतायत."

त्या पुस्तकांच्या भिंतीतून जे पहिलं गाणं बाहेर पडलं त्याचं नाव "परत न आलेली पुस्तकं". ग्रंथालयातून नेलेली आणि कधीच परत न आलेली पुस्तकं कुठे असतील, याबद्दल ते आहे. एक पुस्तक एका बाईच्या उशीखाली आहे, एक कपाटाच्या आखूड पायाला टेकू झालंय, एक एका मुलीने मुंबईला नेलं आणि शेवटचं पान वाचायला तिला धीर होत नाहीये. चाल हलकी, चालत चालत म्हणावी अशी. ऐकताना आधी हसू येतं आणि मग येत नाही. ते गाणं फोनाफोनांतून कुठल्या कुठे गेलं. पुण्याची, नाशिकची कॉलेजातली मुलं त्यावर लिहू लागली. आणि शाळेच्या दारात पुस्तकं येऊ लागली. कोणी पायरीवर ठेवून जाई, कोणी पोस्टाने पाठवी. एक तर सुरतहून आलं, आत चिठ्ठी: "माफ करा, मी सातवीत होतो." ललिता प्रत्येक पुस्तक उघडून शिक्का बघायची. त्यातली निम्मी त्या शाळेची नव्हतीच. दुसऱ्याच कुठल्या गावच्या ग्रंथालयांची होती. "राहू दे," ती म्हणाली. "घर चुकलं असेल, पण निघाली तर खरी."

मुलांनो, बँड वर येतो म्हणजे रोज काहीतरी थोर घडतं असं नाही. मी बघितलं ते असं: जिग्नेशच्या दुकानात गिऱ्हाईक "दोन इंची खिळे" मागायचं सोडून "ते गाणं तुम्हीच का?" असं विचारू लागलं आणि त्याचे वडील वैतागून म्हणायचे, "भाई, पहले खिळे घे, गाना नंतर." अच्छाडला हायवेवर एका ढाब्याचं उद्घाटन होतं. मालकाला डीजे परवडला नाही म्हणून त्याने यांना बोलावलं. समोर ट्रकवाले जेवत बसलेले. त्यांनी सिनेमाच्या गाण्यांची फर्माईश केली. ललिताने माइक घेतला आणि विनंती थांब्याचं गाणं हिंदीत, नुसतं बोलून, गोष्टीसारखं सांगितलं. एक ड्रायव्हर घास हातात धरून म्हणाला, "मॅडम, हम भी क्या करें, टाइम का प्रेशर रहता है." सगळे हसले. मग ती मराठीत गायली आणि कोणी फर्माईश केली नाही. निघताना तो ड्रायव्हर जिग्नेशला म्हणाला, "उनको बोलना, आईने में दिखता है." ललिताने ते परतीच्या वाटेत दोनदा ऐकून घेतलं.

आता तिच्या आईबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्या एका प्रश्नातून निघालं.

ललिताची आई धवलेरी होती. वारल्यांच्या लग्नात धवलेरी ही बाई गाणी म्हणते, आणि तिचं गाणं होत नाही तोवर लग्न लागत नाही. नात्यातल्या एका लग्नाला ललिताने आम्हाला सगळ्यांना नेलं. मांडवात आई बसली होती, तिच्या शेजारी आणखी दोन बाया. गाणं सुरू झालं ते कितीतरी वेळ चाललं. मी शिस्तीची बाई, माझं लक्ष अशा ठिकाणी व्यवस्थेकडे जातं. माझ्या लक्षात आलं की मधेच आईचा आवाज थांबतो, शब्दाच्या अर्ध्यावरसुद्धा, आणि शेजारची बाई तो तिथूनच उचलते. आई पाणी पिते, पदराने तोंड पुसते, पुन्हा आत शिरते. गाण्याला कुठे सांधा दिसत नाही.

जेवणं झाल्यावर जिग्नेशने मोठ्या कौतुकाने फोनवर ललिताचं गाणं लावून आईच्या कानाशी धरलं. आईने पूर्ण ऐकलं. मग मुलीला विचारलं, "तुज्या बाजूला कोन गातं?"

"कोणी नाही. मी एकटीच."

"मंग पानी कवा पितेस?"

आम्ही हसलो. ललिता हसली नाही.

त्याच हिवाळ्यात तिचं मोठं दुखणं उठलं. पाठ, मांड्या, छाती. दवाखान्यात तिला रक्त चढवलं. तोवर मी तिला कण्हताना ऐकलं नव्हतं, त्या वेळी ऐकलं. बरी होऊन आली तेव्हा स्वेटर सैल झाला होता. डॉक्टरांनी प्रवास कमी, थंडी नाही, दमायचं नाही असं सांगितलं, आणि नेमकं त्याच आठवड्यात पुढच्या हिवाळ्यासाठी पाच शहरांचं बोलावणं आलं. एवढ्या मोठ्या मंचावर ते आधी कधी उभे राहिले नव्हते. जिग्नेश माझ्याकडे आला. "बाई, मी त्यांना नाही म्हणून कळवतो. बँड गेला खड्ड्यात. ती नाही तर गाणी कोणाची?"

ललिता मागच्या दाराने आली होती. तिने ऐकलं. "गाणी माझी नाहीत," ती म्हणाली. "मी लिहिली एवढंच. आणि जायचंय. मला मरणाची भीती नाही असं नाही बरं का. आहे. पण त्याच्याहून जास्त भीती मला गाणं मधेच थांबण्याची आहे. तेवढं एक नीट करू. बाजूला कोणी तरी पाहिजे."

"घेऊ की एखादी मुलगी. मुंबईत खूप मिळतील."

"मुंबईची कशाला? तू बाजूलाच उभा असतोस."

जिग्नेश दोन्ही हात हलवत मागे सरकला. गाण्याच्या बाबतीत तो अगदी लाजाळू. घरी गुजराती, त्यामुळे मराठी बोलताना त्याचा च नेहमी चहातलाच च असे. चमचा, चांदणं, चाक, सगळीकडे तोच. वर्गातही मुलं हसत. "लोक हसतील, ललिता. तुझ्या एवढ्या साफ गाण्यात माझा तो च."

"हसू दे. सुधारायला जाऊ नकोस. डहाणूत तसाच बोलतात, गाण्यातही तसाच येऊ दे."

मग त्यांचा जो सराव सुरू झाला तसा सराव मी कुठे बघितला नाही. दुपारी, शाळा सुटल्यावर, आमच्याच ओट्यावर. ललिता गात असे आणि आधी काही न सांगता कुठेही थांबत असे. ओळीच्या शेवटी नव्हे, तसं कोणालाही जमतं. ओळीच्या मधे, शब्दाच्या मधे. जिग्नेशने तिथून उचलायचं. पहिल्या दिवशी ती थांबली आणि गिटार थांबली, सोमाचे हातही थांबले.

"का थांबलात?"

"तू थांबलीस म्हणून."

"मी थांबले. गाणं थांबायचं काय कारण?"

पुन्हा सुरू. पुन्हा ती थांबली. या खेपेला जिग्नेशने उचललं, पण एक श्वास उशिरा. "खड्डा दिसला," ती म्हणाली. "आईच्या बाजूच्या बाया तोंडाकडे बघत असतात. तू तारांकडे बघतोस. माझ्याकडे बघ."

तेच तर त्याला जमत नव्हतं. तिच्या तोंडाकडे बघत, ती कधी थांबते याची वाट बघायची. एकदा त्याने गिटार भिंतीला टेकवली आणि म्हणाला, "तू आमच्याकडून कशाची प्रॅक्टिस करून घेतेस ते कळतं मला."

"कळतं ना? मग वेळ घालवू नकोस."

"तुला काहीच वाटत नाही?"

ललिताने बाटलीचं झाकण फिरवलं, प्यायली, पुन्हा लावलं. मग खूप हळू म्हणाली, "जिग्नेश, तू उचलतोस ना तेव्हा मला पहिल्यांदाच माझं गाणं ऐकू येतं. इतकी वर्षं मी गात होते, ऐकलं कधी?"

सोमा खोक्यावर पाठ करून बसला होता. त्याने तसाच ठेका सुरू केला. जिग्नेशने नाक पुसलं आणि गिटार घेतली. पावसाळा संपेपर्यंत त्यांचं हे चाललं. हळूहळू मला आत चहा ठेवताना कोण गातंय ते कळेनासं झालं. म्हणजे आवाज वेगळे कळायचे, एक बारीक, एक जाडसर. पण गाणं हात बदलतं ते कुठे, ते कळायचं नाही. फक्त एखादा च चहातला यायचा, आणि मी ओळखायची की आता ती पाणी पीत असेल.

पुण्याच्या कार्यक्रमाला मी गेले होते. गरम पाण्याचा थर्मास आणि शाल सांभाळणं एवढं माझं काम. नाट्यगृह भरलेलं, मुलं पायऱ्यांवर बसलेली. ललिता स्वेटरमध्येच गायली. सगळं बरं चाललं होतं. शेवटी विनंती थांब्याचं गाणं आलं. "थांबलास तर थांब" झालं, "माझा हात मी" इथवर ती आली आणि थांबली.

मी विंगेत होते. मला तिचा चेहरा दिसत होता, लोकांना अर्धाच दिसत असेल. तिचे डोळे मोठे झाले, हात छातीशी गेला. जिग्नेश तिच्याकडेच बघत होता. "खाली घेतला नाही" हे त्याच्या आवाजात आलं, आणि कुठेही खड्डा नव्हता. ललिता मागे सरकली आणि सोमाच्या शेजारच्या चिकूच्या खोक्यावर बसली. जिग्नेश गात राहिला, तिच्याकडे बघत, लोकांकडे त्याची पूर्ण पाठ. तिचे ओठ हलत होते. पण ती गात नव्हती, ऐकत होती.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं गाण्याची मांडणीच तशी आहे. दुसऱ्या दिवशी कोणीतरी कौतुकाने लिहिलंही, की स्त्रीचा आवाज पुरुषाच्या हाती देण्याची कल्पना फार सुंदर आहे. ललिताला मी ते दवाखान्यात वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बघा, कोणी 'म्हणजे?' असं विचारलं नाही. कळलं त्यांना."

त्या कार्यक्रमाचा व्हिडिओ सगळीकडे गेला. तुम्ही ऐकलंत ते बहुतेक तेच. बारीक आवाज जिथे संपतो ते पुन्हा एकदा लावून बघा.

पुढचं थोडक्यात लिहिते. उरलेल्या चार शहरांना जिग्नेश आणि सोमा गेले. तिनेच पाठवलं. दवाखान्यातून ती आमच्याकडे आली, काही दिवस राहिली, मग आईकडे जाते म्हणाली. फेब्रुवारीत छातीचं दुखणं पुन्हा उठलं आणि या खेपेला तिला दवाखान्यात नेईपर्यंतच उशीर झाला होता. मी गेले तेव्हा पाड्यावर पुष्कळ माणसं जमली होती. आईने मला ओळखलं, जवळ बसवलं. जिग्नेश दारात उभा होता, त्याला आत यायला होत नव्हतं. आईने त्याला हाक मारून बोलावलं आणि विचारलं, "गानं चालू हाय ना?" त्याने मान हलवली. "मंग तोंड धू," ती म्हणाली. "पानी पी."

मागची खोली मी अजून कोणाला दिलेली नाही. विचारायला येतात, वारा येत नाही असं सांगते.

पण मी तिला शेवटचं बघितलं ते पाड्यावर नव्हे. ती आईकडे निघाली त्या सकाळी आमच्या नाक्यावर. मी रिक्षा करून देते म्हटलं तर ऐकेना. "एसटीनेच जाते. तलासरीला आई येणार आहे." आम्ही विनंती थांब्याच्या पाटीखाली उभ्या राहिलो. ऊन कोवळं होतं. तिने शाल कानावरून घेतली होती, खांद्याला मोजा घातलेली ती बाटली. गाडी दिसली. तिने हात वर केला. गाडी वेगात आली आणि नेहमीसारखी पुढे निघून गेली.

"थांब, मी ओरडते," मी म्हणाले.

"नको बाई."

तिने हात खाली घेतला नाही. चांगली लांब जाऊन गाडीचे मागचे लाल दिवे लागले. गाडी थांबली आणि उलटी येऊ लागली. कंडक्टर दारात लटकून पत्र्यावर थाप मारत होता, "येऊ दे, येऊ दे." आमच्यासमोर येऊन तो म्हणाला, "ताई, ड्रायव्हर म्हणतोय आरशात तुम्ही दिसलात. चला."

"आधी दिसले नव्हते का?"

"आता काय बोलू? आमच्या घरी पोरगी दिवसभर तुमचंच लावते."

ललिता तिच्या चालीने चालत गेली, एक एक पायरी धरून चढली आणि खिडकीशी बसली. गाडीत चार-दोनच माणसं होती. कंडक्टरने मोठ्या हौसेने खिशातून फोन काढला आणि तिला ऐकवायला गाणं लावलं. काच उघडी होती, मला खाली उभं राहून ऐकू येत होतं. पुण्याचंच होतं ते. तिचा आवाज आला, "थांबलास तर थांब." मी वर बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही, समोर बघत होती, कान देऊन. "माझा हात मी" इथे आवाज संपला आणि जिग्नेशने उचललं.

घंटी झाली, गाडी हलली. खिडकीत ललिताने बाटलीचं झाकण फिरवलं आणि सावकाश, डोळे मिटून, पाणी प्यायला सुरुवात केली.